यातलं ओरिजिनल कुठलं?

जुनं अमेरिकन गाणं कुणाला पाठवायचं झालं तर मी सहसा एकटं पाठवत नाही. तेच गाणं तिघाचौघांच्या आवाजात पाठवतो. मग हमखास उलट प्रश्न येतो, “छान आहे हो, पण यातलं ओरिजिनल कुठलं?” भाचा विचारतो, ऑफिसातले जुने सहकारी विचारतात, मागे एकदा दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेव्हा तोंडात कापूस असल्यामुळे उत्तर राहून गेलं. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

प्रश्न आपल्या जागी अगदी रास्त आहे. आपले कान सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेले. लताबाईंचं गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं की तो ऑर्केस्ट्रा, फार तर टीव्हीवरची स्पर्धा. बाबूजींचं भावगीत बाबूजींचंच. पण यमनमधली एखादी बंदिश ऐकताना ‘ही आधी कुणी गायली?’ असं आपण विचारत नाही. बंदिश ठाऊकच असते. आज समोर बसलेल्या बुवांनी तिचं काय केलं, ते ऐकायला आपण गेलेलो असतो. साधारण १९२० ते १९६० या काळातली अमेरिकन गाणी ऐकायची तर हाच कान लावावा लागतो.

त्याचं कारण त्या धंद्यात आहे. गाणं लिहिणारे वेगळे, गाणारे वेगळे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अठ्ठाविसाव्या रस्त्यावर संगीत प्रकाशकांची कचेऱ्यांना कचेऱ्या लागून असलेली वस्ती होती, तिला टिन पॅन ॲली म्हणत; पुढे त्या सगळ्या धंद्यालाच ते नाव पडलं. विकायचा माल म्हणजे छापील स्वरलिपी. लोक ती घरी नेऊन पियानोवर वाजवत. पुढे मोठा संगीतकार झालेला जॉर्ज गर्शविन पंधराव्या वर्षी अशाच एका प्रकाशकाकडे दिवसभर पियानोवर नवी गाणी वाजवून दाखवायच्या नोकरीला लागला. गाणं बहुधा ब्रॉडवेच्या नाटकासाठी किंवा हॉलिवूडच्या चित्रपटासाठी लिहिलेलं असे. तिथे ते एखादी नटी गाई. चाललं, की पुढच्या काही आठवड्यांत पाच-सहा बँड आपापल्या तबकड्या काढत. हिशेब राहायचा तो गाण्याचा. १९३५ साली सुरू झालेल्या ‘युवर हिट परेड’ या रेडिओ कार्यक्रमात आठवड्याची लोकप्रिय गाणी लागायची, पण तबकड्या नाही वाजायच्या; कार्यक्रमाचे पगारी गायक ती सगळी गाणी गायचे. त्या काळातला नामांकित गायक फ्रँक सिनाट्राही काही काळ त्या पगारावर होता. मूळ गायक कोण, हे श्रोत्यांच्या खिजगणतीतही नसे.

ही स्वरलिपी समुद्रापार मुंबईतही आली आणि ती वाचता येणारी माणसं इथे होती ती मुख्यतः गोव्याची, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली. ताजमहाल हॉटेलात आणि क्लबांमध्ये हे संगीत वाजत असे. त्यातला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, याला अमेरिकेतल्या थोर ट्रम्पेटवादकाच्या नावावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांमध्ये आपल्या सी. रामचंद्रांबरोबर तो होता. तेव्हा हे सूर आपल्या कानांना वाटतात तितके परके नाहीत, चित्रपटाच्या वाटेने ते घरात शिरून फार वर्षं झाली.

आता एक गाणं जवळून बघू. कोल पोर्टरचं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’. हा पोर्टर शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच करायचा. १९३६ च्या ‘बॉर्न टू डान्स’ या चित्रपटात ते प्रथम व्हर्जिनिया ब्रूसने गायलं. झालं तुमचं ओरिजिनल. ऐका जरूर, पण ते ऐकून गाण्याच्या प्रेमात पडलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. वीस वर्षांनी, १९५६ मध्ये, तेच गाणं दोघांनी गायलं. गायिका एला फिट्झजेराल्डने पोर्टरच्या गाण्यांच्या संग्रहात, आणि सिनाट्राने संगीत संयोजक नेल्सन रिडलच्या वाद्यमेळासह.

एलाचं ऐकताना चाल नितळ दिसते. शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांवर झपझप ताना घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण या संग्रहात ती ते सगळं बाजूला ठेवते आणि लिहिलंय तसं, शब्दाला जागच्या जागी ठेवून गाते. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलाने गायल्यावर कळलं, असं आयरा गर्शविन, म्हणजे जॉर्जचा गीतकार भाऊ, म्हणाला होता. त्यात नुसता विनय नसावा.

सिनाट्रा मात्र गाण्याला चालत नेतो. सुरुवात अगदी सहज, जणू खिशात हात घालून. त्याची दमसास ऐकण्यासारखी आहे. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सी ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यावर लांबच लांब वाक्य श्वास घेतल्याची चाहूलही लागू न देता कसं वाजवतो, हे तो मागून न्याहाळत बसायचा. दम वाढवायला पाण्याखाली पोहायचा. त्यामुळे ओळ संपली की श्वास, असं त्याच्याकडे होत नाही. अर्थ संपतो तिथे श्वास. एक ओळ पुढच्या ओळीत मिसळून जाते आणि आपल्याला वाटतं हा गात नाहीये, सांगतोय. मध्ये रिडल वाद्यांची एकावर एक चवड रचत जातो, ताण वाढत जातो, आणि मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन अक्षरशः फाडून बाहेर येतो. त्यानंतर सिनाट्रा परततो तो वरच्या पट्टीत, आक्रमक, मघाचा आब सोडून. शेवटी पुन्हा हळूच खाली. हे वर-खाली जाणं पोर्टरने कुठे लिहिलेलं नाही. गाणं प्रेमाने पछाडलेल्या माणसाचं आहे. एला ते शब्दांतून कळू देते, सिनाट्रा आणि रिडल ते तुमच्यासमोर घडवतात. मला विचाराल तर सकाळी एला, रात्री सिनाट्रा.

दुसरं उदाहरण गमतीचं आहे. संगीतकार होगी कारमायकेलचं ‘स्टार डस्ट’ १९२७ साली आलं तेव्हा त्याला शब्दच नव्हते आणि लयही बरीच चपळ होती. शब्द मिचेल पॅरिशने १९२९ मध्ये घातले, आणि मग ते संथ होत होत आजचं झालं. म्हणजे ओरिजिनल शोधत गेलात तर हाती जे लागेल ते तुम्हाला ओळखूही यायचं नाही. मला सगळ्यात आवडतं ते कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोलचं, १९५७ चं. मूळचा अव्वल पियानोवादक, त्यामुळे की काय, प्रत्येक अक्षर वेगळं, स्वच्छ आणि तरी मऊ. या गाण्याला, तेव्हाच्या बऱ्याच गाण्यांसारखी, सुरुवातीला एक प्रस्तावना आहे. नाटकात संवादातून गाण्यात शिरायला तिचा उपयोग होई. बहुतेक गायक ती गाळतात. सिनाट्राने १९६१ मध्ये उलटं केलं. फक्त प्रस्तावना गायला आणि मुख्य गाणं सुरू व्हायच्या आत थांबला. गाणं सगळ्यांना पाठ आहे, ही खात्री असल्याशिवाय अशी खोडी काढता येत नाही.

पण ‘ओरिजिनल कुठलं’ हा प्रश्न दर वेळी असा हसण्यावारी नेता येत नाही. पन्नाशीच्या दशकात गोऱ्या श्रोत्यांसाठी काळ्या गायकांची गाणी गोऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घ्यायची टूम निघाली. फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मध्ये पॅट बूनने गायलं आणि लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बूनचं गेलं. दोन्ही ऐकून बघा. बूनचं इतकं धुऊन-पुसून घेतलंय की गाण्यातला माणूसच निघून गेलाय. इथे मूळ कुणाचं हे विचारायलाच हवं, कारण पैसा आणि नाव कुणाकडे गेलं हा तो प्रश्न आहे. नॅट किंग कोल एवढा लाडका गायक, पण १९५६-५७ मध्ये त्याच्या टीव्ही कार्यक्रमाला देशपातळीवरचा एक प्रायोजक मिळाला नाही आणि वर्षभरात तो बंद पडला. त्याचा आवाज घरात चालत होता.

काळी गायिका बिली हॉलिडे, तिच्याकडे तर सुरुवातीच्या काळात बरीचशी गाणी दुय्यमच यायची. चांगली गाणी बड्या नावांकडे. आवाजाचा पल्ला जेमतेम सव्वा सप्तकाचा. तिने काय केलं, तर चाल वाकवली. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायचं, शब्द उशिरा सोडायचा, उंच सूर सरळ खाली आणून बसवायचा. टुकार गाणीही त्यामुळे ऐकत बसावंसं वाटतं. आपल्यावर सगळ्यात मोठा प्रभाव हिचाच, असं सिनाट्राने जाहीरपणे सांगितलं होतं.

आणि इथे मला ज्या गाण्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते येतं : ‘आय अ‍ॅम अ फूल टू वॉन्ट यू’. सिनाट्रा गीतकार नव्हे, पण याच्या कर्त्यांत जॅक वुल्फ आणि जोएल हेरॉन यांच्याबरोबर त्याचं नाव आहे. त्याने ते १९५१ मध्ये गायलं, नटी ॲव्हा गार्डनरच्या प्रेमात त्याचं घर मोडत होतं त्या दिवसांत. म्हणजे गाणं त्याचं, दुःख त्याचं, तबकडी पहिली. याहून ओरिजिनल काय असणार? १९५८ मध्ये बिलीने ‘लेडी इन सॅटिन’ या तबकडीची सुरुवात याच गाण्याने केली. आवाज पार गेलेला, कडा झिजलेल्या, दारूने आणि त्याहून वाईट गोष्टींनी खाल्लेला. मागे व्हायोलिनांचा रेशमी पडदा. पुढच्या जुलैत ती वारली, वय चव्वेचाळीस. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती काही शब्द गातच नाही, जवळजवळ बोलून सोडते, आणि सूर घसरतो तिथे सावरायला जात नाही. काही जाणकारांना ते ऐकवत नाही. त्यांचं मला पटतं आणि तरी मी ते लावतो. ते ऐकल्यावर सिनाट्राचं १९५१ चं, उत्तम गायलेलं, तालमीतलं वाटायला लागतं.

याच गाण्याने बॉब डिलनने २०१५ मध्ये सिनाट्राच्या गाण्यांचा आपला संग्रह सुरू केला. गाणं ज्याने लिहिलं त्यानेच गायचं, ही रीत ज्याच्यामुळे सगळ्यांत जास्त रुजली तोच हा डिलन, त्र्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्याची गाणी घेऊन बसला. वाद्यवृंद नाही, पाच जणांचा ताफा, व्हायोलिनांच्या जागी एक पेडल स्टील गिटार. आवाज घोगरा, पण शब्द एकेक करून नीट ठेवलेला, आणि सिनाट्राची नक्कल करायच्या भानगडीत तो अजिबात पडत नाही. मला आवडतं. बायकोला नाही, तो लागला की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि आतून ओरडून विचारते, “तो नॅट किंग कोल संपला का तुमचा?”