तुम्ही विचारलंत म्हणून: स्टर्लिंग हेडनच का?

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला आणि मी स्टर्लिंग हेडनचं नाव घेतलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘हा कोण?’ त्याचं उत्तर सोपं. ‘गॉडफादर’मधला लाचखाऊ पोलीस कॅप्टन मॅक्लस्की, अल पचिनोचा जबडा फोडणारा. मग लगेच ‘हां हां, तो होय!’ होतं. दुसरा प्रश्न थोडंफार वाचलेली मंडळी विचारतात, जरा आवाज खाली आणून: ‘ज्यानं सरकारी कमिटीसमोर बसून ओळखीच्याच लोकांची नावं दिली, तो माणूस तुम्हाला आवडतो कसा?’ चहाचा कप हातात असताना याचं उत्तर द्यायला गेलं की ते एकतर वकिली होतं नाहीतर टाळाटाळ. म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात हा गडी नट व्हायला निघालाच नव्हता. जन्म १९१६चा, न्यू जर्सीतला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि हेडन हे आडनाव सावत्र वडिलांकडून आलं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो शिडाच्या जहाजावर चढला. मॅसॅच्युसेट्समधलं ग्लॉस्टर हे मच्छीमारांचं जुनं बंदर, तिथल्या बोटींवरून उत्तर अटलांटिकमधल्या ग्रँड बँक्सच्या थंडगार पाण्यात मासेमारी केली, ‘यँकी’ नावाच्या स्कूनरवरून, म्हणजे शिडाच्या जहाजावरून, पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि बाविसाव्या वर्षी ‘फ्लॉरेन्स सी. रॉबिन्सन’ हे जहाज कप्तान म्हणून ग्लॉस्टरहून थेट ताहितीला नेऊन पोचवलं. ज्या वयात बाकीचे होतकरू नट स्टुडिओच्या दारात रांगा लावतात, त्या वयात याच्या हाताखाली खलाशी होते.

पण शिडाच्या जहाजांचे दिवस भरत आले होते आणि स्वतःचं जहाज घ्यायचं तर पैसा हवा. उंची सहा फूट पाच इंच, सोनेरी केस, वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो. १९४० साली पॅरामाउंटनं करार केला आणि ‘सिनेमातला सर्वांत देखणा पुरुष’ अशी जाहिरात सुरू केली. पहिले दोन्ही सिनेमे नटी मॅडलिन कॅरलबरोबर. १९४२ साली तिच्याशीच लग्न. (ते चार वर्षं टिकलं.) हे देखणेपणाचं कौतुक त्याला सोसलं नाही. युद्ध आलं तसा तो सरळ निघून गेला आणि मरीन सैन्यात भरती झाला तोही ‘जॉन हॅमिल्टन’ या नावानं, म्हणजे कोणी सिनेमावाला म्हणून ओळखायला नको. पुढे अमेरिकेच्या युद्धकाळातल्या गुप्तहेर खात्यात, ओएसएसमध्ये, त्याची नेमणूक झाली. इटलीच्या किनाऱ्यावरून एड्रियाटिक समुद्र ओलांडून युगोस्लावियातल्या टिटोच्या गनिमी योद्ध्यांना शस्त्रं आणि रसद पोचवायची, जर्मनांचा पहारा चुकवून. त्याबद्दल त्याला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं.

ते युगोस्लाव योद्धे कम्युनिस्ट होते आणि हेडन त्यांच्यावर फिदा होऊन परतला. हॉलिवूडच्या मऊ गादीवर परत बसल्यावर त्याला त्या डोंगरातल्या माणसांपुढे आपली लाज वाटत असावी. १९४६ मध्ये तो अमेरिकी कम्युनिस्ट पक्षात गेला, सहाएक महिने राहिला, कंटाळला, बाहेर पडला. झालं एवढंच. एवढंच पुरे होतं.

अमेरिकी प्रतिनिधिगृहाची ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी कमिटी तेव्हा हॉलिवूडच्या मागे लागली होती. बोलायला नकार दिलेले दहाजण, ज्यांना ‘हॉलिवूड टेन’ म्हणतात, १९५० साली तुरुंगात गेले. कोरियात युद्ध पेटलं तेव्हा हेडननं वकिलाच्या सल्ल्यानं आपण होऊन एफबीआयशी संपर्क साधला. १० एप्रिल १९५१ला तो कमिटीपुढे बसला आणि नावं दिली. त्यात एक नाव ज्या स्त्रीशी त्याचं पूर्वी प्रेमप्रकरण होतं तिचं होतं, एक पटकथाकार-दिग्दर्शक एब्राहम पोलॉन्स्कीचं. कमिटीला ही नावं बहुतेक आधीच ठाऊक असायची. माहिती नको होती, साक्षीदारानं ती स्वतःच्या तोंडानं उच्चारायला हवी होती.

पोलॉन्स्कीनं त्याच महिन्यात कमिटीला सहकार्य नाकारलं आणि तो स्टुडिओंच्या काळ्या यादीत गेला, म्हणजे स्वतःच्या नावानं काम मिळणं बंद. त्याचा पहिला दिग्दर्शित सिनेमा १९४८चा. दुसरा आला १९६९ साली. मधली एकवीस वर्षं टोपणनावांनी आणि दुसऱ्यांच्या नावांवर लिहिण्यात गेली. हेडनविषयी बोलताना हा हिशेब आधी मांडायला हवा असं मला वाटतं, कारण त्याच्या पश्चात्तापाच्या गोष्टी फार सुरस आहेत आणि त्या ऐकता ऐकता ज्यांचं नुकसान झालं ते लोक मागे पडतात. हेडनला काम मिळत राहिलं. वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली. १९६३ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की त्या दिवसापासून आपल्याला स्वतःचा जो तिटकारा आला, त्याची कल्पना कोणाला येणार नाही. साक्ष दिलेल्या बऱ्याच जणांनी जन्मभर स्वतःचं समर्थन केलं. यानं ते केलं नाही. पण त्यानं पोलॉन्स्कीची वर्षं परत आली नाहीत, हेही खरंच.

आता सिनेमे. हेडनच्या चाहत्यांत एक लाडका सिद्धांत आहे: साक्षीनंतरची शरम त्याच्या चेहऱ्यात उतरली आणि तो मोठा नट झाला. ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. जॉन ह्यूस्टनचा ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ १९५०चा, साक्षीच्या आधीचा. त्यात हेडन डिक्स हँडली नावाचा दणकट भाडोत्री गुंड आहे. जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्यात त्याला हिऱ्यांशी काही देणंघेणं नाही. केंटकीत बापाची घोड्यांची शेती होती, ती गेली, ती परत विकत घ्यायची आहे. शेवटी पोटात गोळी घेऊन तो गाडी हाकत त्या शेतावर पोचतो, कुंपण ओलांडून कुरणात चार पावलं टाकतो आणि कोसळतो. घोडे येऊन त्याला हुंगतात. या दृश्यात तो काहीच ‘करत’ नाही. लांब टांगा टाकणारा माणूस चालता चालता संपतो, एवढंच. मार्लन ब्रँडोच्या, भावना उघड्या टाकून अभिनय करणाऱ्या पिढीतला कोणी असता तर त्यानं त्या कुरणात काय काय केलं असतं, याचा विचार करून बघा.

तेव्हा शरम नंतरची. आधीपासून त्याच्यात होतं ते वेगळंच: कॅमेऱ्यापुढे उभं राहूनही इथे नसणं. जीव दुसरीकडे अडकलेला माणूस. जहाजावर म्हणा, केंटकीत म्हणा. अभिनय हे मोठ्या माणसानं करायचं काम नव्हे असं त्याला मनापासून वाटायचं, आणि ते पडद्यावर लपत नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हा दोष ठरला असता. त्याच्या बाबतीत योग्य भूमिका मिळाली की तोच गुण होतो, आणि नाही मिळाली की नुसत्या पाट्या टाकलेल्या दिसतात. १९५०च्या दशकात त्यानं बोटीच्या खर्चासाठी अशा पुष्कळ टाकल्या. घोड्यावर बसलेला हेडन तर बघवत नाही.

स्टॅनली कुब्रिकनं ही गोष्ट बरोबर हेरली. ‘द किलिंग’ (१९५६) केला तेव्हा कुब्रिक अवघा सत्तावीस वर्षांचा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दरोडा, आणि त्याचा सूत्रधार जॉनी क्ले हा हेडन. सगळं घड्याळाच्या काट्यावर पार पडतं, आणि शेवटी विमानतळावर एका बाईंच्या हातातलं कुत्रं धावपट्टीकडे पळतं, सामानाची गाडी वळते, स्वस्तातली बॅग पडून उघडते आणि सगळ्या नोटा प्रोपेलरच्या वाऱ्यावर उडतात. पोलीस येताहेत, बरोबरची मुलगी म्हणते पळ, आणि तो म्हणतो, काय फरक पडतो. हे वाक्य तो खचून म्हणत नाही की नाट्यमयही करत नाही. बस चुकल्यावर आपण म्हणतो तसं म्हणतो.

पण मला सगळ्यांत चक्रावून टाकणारे दोन सिनेमे म्हणजे दोन वेस्टर्न, काउबॉयपट. ‘जॉनी गिटार’ (१९५४) मध्ये गावातला जमाव एका जखमी पोराला पकडतो आणि सांगतो, व्हिएनाचं, म्हणजे जोन क्रॉफर्डनं केलेल्या नायिकेचं, नाव घे, तुला सोडू. पोरगं घाबरून नाव घेतं. तरी त्याला फासावर चढवतातच. हा प्रसंग त्या काळच्या चौकशांवर बेतला आहे हे कोणालाही कळेल, आणि जमावाच्या म्होरक्यांत वॉर्ड बाँड आहे, जो प्रत्यक्षातही हॉलिवूडच्या कम्युनिस्टविरोधी गोटातला बडा माणूस होता. या सिनेमाचा नायक कोण, तर तीन वर्षांपूर्वी स्वतः नावं दिलेला हेडन.

दुसरा १९५८चा, ‘टेरर इन अ टेक्सस टाउन’. अगदी कमी पैशांत केलेला. हेडन यात स्वीडिश दर्यावर्दी आहे. देवमासे मारायच्या बोटीवरून बापाच्या शेतावर येतो तर बापाचा खून झालेला. जमिनीखाली तेल आहे, एका धनदांडग्याला ती हवी आहे, गाव भीतीनं गप्प. शेवटच्या झुंजीला हेडन टेक्ससच्या धुळकट रस्त्यावरून चालत येतो तो बंदूक घेऊन नव्हे, खांद्यावर देवमासे मारायचा भाला, हार्पून, टाकून. समोर पिस्तूलवाला भाडोत्री मारेकरी. वाचताना हसू येतं, बघताना येत नाही. आणि आता पडद्यामागचं: पटकथा डाल्टन ट्रम्बोची, म्हणजे तुरुंगात गेलेल्या त्या दहांतल्या एकाची, अर्थात दुसऱ्याच्या नावावर. तो मारेकरी झालेला नेड्रिक यंग हाही काळ्या यादीतला. म्हणजे नावं देणारा एका टोकाला आणि नाव न दिल्यानं काम गमावलेला दुसऱ्या टोकाला, मध्ये रस्ता, आणि दोघांना तिथे उभं करणारा तिसरा माणूस श्रेयनामावलीत नाहीच.

पुढल्याच वर्षी हेडननं कोर्टाचा मनाई हुकूम धाब्यावर बसवला आणि घटस्फोटानंतर ताब्यात आलेल्या चारही मुलांना ‘वाँडरर’ नावाच्या आपल्या स्कूनरवर घालून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून ताहितीकडे शीड उभारलं. ही त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट आणि मला सगळ्यांत कमी आवडणारी. मुलांच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा म्हणजे त्या शिडांतला वारा जातो. परतल्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोच्या धक्क्याला लागलेल्या ‘बर्कली’ नावाच्या निवृत्त फेरीबोटीवर, सुकाणूवाल्याची केबिन भाड्यानं घेऊन, त्यानं ते आत्मचरित्र लिहिलं.

मग कुब्रिकनं पुन्हा बोलावलं, ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी. जनरल जॅक डी. रिपर: पाण्यात फ्लोराइड घालणं हा कम्युनिस्टांचा कट आहे असं मानून अणुबाँबवाली विमानं रशियावर सोडणारा वेडा. कॅमेरा त्याच्या हनुवटीखाली, तोंडात जाडजूड सिगार, आणि सहनट पीटर सेलर्सच्या खांद्यावर हात टाकून तो शरीरातल्या मौल्यवान द्रवांची भानगड समजावून सांगतो, मोठ्या मायेनं. बऱ्याच वर्षांनी कॅमेऱ्यापुढे आल्यामुळे पहिल्या दिवशी हेडनला घाम फुटला, वाक्यं अडखळली, टेकवर टेक झाले. कुब्रिकनं त्याला सांगितलं की ही तुझ्या डोळ्यांतली भीतीच कदाचित मला हवी असेल. कम्युनिस्टांच्या भीतीनं पछाडलेला माणूस त्या कमिटीनं ज्याला आतून पोखरलं त्यानंच करावा, याला काय म्हणायचं!

मॅक्लस्की १९७२चा. गळ्याला रुमाल खोचून तो निवांत जेवतोय, इटालियन जेवण कसं असतं इथलं म्हणून विचारतोय, काटा तोंडाशी नेतोय आणि तेवढ्यात गोळी. त्या पोलिसाची भूक खरी वाटते म्हणून तो खून अंगावर येतो. १९७३च्या ‘द लाँग गुडबाय’मध्ये रॉबर्ट आल्टमननं त्याला दारूत बुडालेला, लेखणी आटलेला लेखक केलं; तो रात्री समुद्रात चालत जातो. सिनेमात येऊन हेडन पहिल्यांदा इथे स्वतःच्या घरी आल्यासारखा वाटतो. १९८६ मध्ये सॉसालिटोलाच तो गेला, वयाच्या सत्तराव्या वर्षी.

तर प्रश्नाचं उत्तर. मी त्याला माफ केलेलं नाही. माझ्याकडे माफी मागायला तो आलेलाही नाही, आणि ज्यांच्याकडे जायला हवं होतं त्यांच्या वतीनं माफ करणारी किंवा न करणारी मी कोण? कलाकार वेगळा आणि माणूस वेगळा असंही मी म्हणत नाही, याच्या बाबतीत ते शक्यच नाही. मला तो बघावासा वाटतो कारण पडद्यावर स्वतःची बाजू घेताना तो कधी दिसत नाही. देखणे नट ती हमखास घेतात.

सुरुवात ‘द किलिंग’नं करा. दीड तासाच्या आत संपतो आणि एक मिनिट फुकट जात नाही. मग ‘अ‍ॅस्फाल्ट जंगल’. हार्पूनवाला शेवटी ठेवा, आणि त्यातल्या हेडनच्या स्वीडिश उच्चारांना हसू आलं तर खुशाल हसा. ते खरंच वाईट आहेत.