चिंगीच्या पोटावरचे केस

जुलैतली गोष्ट. आमची मांजर चिंगी उताणी लोळत होती, मी नेहमीसारखा पोटावरून हात फिरवला तर नुसती गुळगुळीत कातडी लागली, मांड्यांच्या आतून पोटापर्यंत केसच नाहीत. जखम नाही, लाली नाही. मला वाटलं केस गळतायत, खाण्यात काहीतरी कमी पडतंय. खाजवताना ती मला कधी दिसलीच नव्हती, चाटत मात्र सारखी बसायची आणि आई कौतुकाने म्हणायची किती स्वच्छ आहे बघ पोर.

डॉक्टरांनी सांगितलं की मांजराला खाज सुटली की ते कुत्र्यासारखं कराकरा खाजवेलच असं नाही, बरीच मांजरं चाटूनच खाज भागवतात, तेही पलंगाखाली वगैरे जाऊन. जिभेवर बारीक काटे असतात त्याने केस तुटतात. म्हणजे केस गळत नव्हते, ती स्वतःच तोडत होती, माझ्या डोळ्यासमोर, किती आठवडे कोण जाणे. खूप वाईट वाटलं तेव्हा. मग त्यांनी शेपटीच्या बुडाशी माझी बोटं फिरवायला लावली, केसांखाली खसखशीसारख्या खपल्या लागल्या.

पिसवा असणार म्हणाले. मी म्हटलं शक्यच नाही, तिसरा मजला, ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पण जिन्यात भटकी मांजरं झोपतात आणि पिसू आपल्या कपड्यांवरूनही घरात येते. घरी येऊन उवांची फणी शोधली, कमरेपाशी विंचरलं, काळे कण निघाले ते ओल्या टिश्यूवर ठेवले तर भोवती तांबूस डाग पसरला. साधी धूळ असती तर असा रंग सुटला नसता, ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. जिवंत पिसू एकही सापडली नाही कारण चाटताना मांजर त्या गिळून टाकतं (म्हणून जंताचं औषधही द्यावं लागलं). आणि खाज सुटते ती पिसवेच्या लाळेच्या ॲलर्जीने, त्यामुळे दोनचार चावे सुद्धा पुरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने त्यांच्या कुत्र्याचे पिसवांवरचे थेंब देऊ केले होते आणि मी ते लावणारच होते. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, झटके येऊन जीवसुद्धा जातो. कापूर घातलेलं तेल, टी ट्री ऑइल, फिनेलचं पाणी हेही नको, मांजर अंगावरचं सगळं चाटतं हो!

आम्ही मांजराचेच थेंब आणले, वजन बघून, मानेच्या मागे जिथे जीभ पोचत नाही तिथे, दर महिन्याला, निदान तीन महिने. एवढे दिवस का, तर अंडी तिच्या अंगावरून घरभर सांडलेली असतात आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने तग धरते. त्यामुळे तिची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात, आणि सोफ्याखाली, पलंगाच्या फटींत रोज व्हॅक्युम.

प्रत्येक खाज पिसवांचीच असते असं नाही हां, कानात कॉफी पावडरसारखा मळ दिसला तर कानातले किडे असू शकतात, गोल चट्टा पडून केस गेले तर गजकर्ण, ते आपल्यालाही होतं. खाण्याची ॲलर्जी असेल तर आठ-आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं देऊन बघावं लागतं. म्हणून आधी डॉक्टर.

गणपतीपर्यंत चिंगीच्या पोटावर बारीक लव आली. तिसऱ्या महिन्याचे थेंब अजून बाकी आहेत, तारीख फ्रिजवर लिहून ठेवलीये.