शीडचा गोल कसा दिसला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि इतक्या वेळा विचारलंत म्हणून, आता एकदाच लिहून टाकतो. पर्थमध्ये कुणाच्याही घरी जेवायला गेलो की ओळख करून देताना यजमान सांगतात, "हे 2018च्या फायनलला एमसीजीवर होते बरं का." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "डॉम शीडचा तो गोल प्रत्यक्ष कसा दिसला हो?"

दिसला नाही.

मी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, होतो हे खरं आहे. फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, फायनल होती: आमचा पर्थचा वेस्ट कोस्ट विरुद्ध मेलबर्नचा कॉलिंगवूड. शीड आमचा. तिकीट खरं, निळा-पिवळा मफलर घातलेले फोटोही खरे. फक्त गोल झाला तेव्हा मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा स्टँडच्या आतल्या जिन्यावर होतो आणि आमची तोंडं रिचमंड स्टेशनकडे होती.

आता लगेच हसू नका. आम्ही निघालो तेव्हा कॉलिंगवूड पुढे होतं. शेवटच्या क्वार्टरचे पहिले दोन गोल त्यांनी मारले होते. शिवाय घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना उलटं मोजणारं घड्याळ दिसतं, दोन मिनिटं राहिली, दीड राहिलं. मैदानात बसलेल्याला तेव्हा ते दिसत नव्हतं. क्वार्टर म्हणायला वीस मिनिटांचा, पण थांबलेला वेळ धरून तो तीसच्या आसपास जातो. सायरन कधी वाजेल याचा तुम्ही नुसता अंदाज करत बसता. माझा अंदाज होता की संपलंच. रात्रीचं परतीचं विमान होतं. आणि त्या दिवशी स्टेडियममध्ये 1,00,022 माणसं होती. ही सगळी एकदम रिचमंडच्या प्लॅटफॉर्मवर आली की काय होतं ते मी 2015 साली भोगलंय. तेव्हा हॉथॉर्नने आम्हाला 46 गुणांनी धुतलं होतं आणि मी इमानदारीत शेवटपर्यंत बसलो होतो.

खरं सांगायचं तर हे सगळं नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी डोक्यात एकच वाक्य होतं, आणि तेही माझं नव्हे, माझ्या बाबांचं: "गर्दी व्हायच्या आत निघू." बाबांनी मला वानखेडेवर किती मॅचेस दाखवल्या, पण एकही शेवटच्या चेंडूपर्यंत दाखवली नाही. अर्धा तास आधी उठायचं, चर्चगेटला विरार लोकलमध्ये खिडकी पकडायची. मॅच कोण जिंकलं ते अंधेरीला ट्रान्झिस्टरवाला सांगायचा. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा.

फूटी माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. मोठ्या दोन खांबांमधून लाथ मारून चेंडू गेला की गोल, सहा गुण. जरा बाजूने, लहान खांबाच्या आतून गेला तर बिहाइंड, एक गुण. ग्रँड फायनल जवळजवळ नेहमी मेलबर्नला, एमसीजीवरच, आणि तो करार त्याच वर्षी 2057पर्यंत वाढवला होता. एमसीजी हे कॉलिंगवूडचं घरचं मैदान. आम्ही वेस्ट कोस्टवाले देश ओलांडून, सुमारे 2,700 किलोमीटर विमानाने, "तटस्थ" मैदानावर खेळायला गेलो होतो. क्लबच्या सोडतीत दोन तिकिटं लागली होती, म्हाडाचं घर लागावं तशी.

आदल्या रात्री ज्या मित्राकडे उतरलो होतो तिथे आम्ही बापलेक जवळजवळ झोपलोच नव्हतो. दुबईत आशिया कपची फायनल चालू होती, भारत-बांगलादेश. मेलबर्नला उजाडायच्या बेतात होतं. मांडीचा स्नायू धरून बाहेर गेलेला आपला पुण्याचा केदार जाधव लंगडत परत आला, आणि शेवटच्या चेंडूवर लेग बाय काढून मॅच जिंकली. मुलगा सोफ्यावर उभा राहून नाचत होता. मीच त्याला म्हणालो होतो, "बघ, शेवटचा चेंडू पडेपर्यंत काही सांगता येत नाही." हे मी म्हणालो होतो. मी. सकाळी.

दुपारी कॉलिंगवूडने पहिले पाच गोल ओळीने मारले. आमच्या चारी बाजूंना काळे-पांढरे पट्टे, आणि त्यांचं ते लांबवलेलं "कॉऽलिंगवूड" छातीत घुमायचं. आमचा निक नायटानुई गुडघ्यामुळे बाहेर, अँड्र्यू गॅफ बंदीमुळे बाहेर. तरी गडी इंच-इंच परत येत होते. मुलगा बोलत नव्हता, चिप्सचा डबा मांडीवर घेऊन नुसता बसला होता. आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये, कधी ते नक्की सांगता येणार नाही, मी उठलो.

"बाबा, अजून आहे."

"चल. गर्दी होईल."

"बाबा, दोन मिनिटं."

मी त्याचा दंड धरला. जोरात नाही. म्हणजे मला तरी जोरात वाटला नाही. रांगेतल्या लोकांनी गुडघे तिरके करून वाट दिली, एका कॉलिंगवूडवाल्या आजीबाईंनी "गुड ऑन यू, डार्लिंग" म्हणून त्याची पाठ थोपटली. तो मागे वळून वळून बघत होता. जिन्यात शिरलो, मैदान दिसेनासं झालं आणि आवाज काँक्रीटमधून यायला लागला.

तो आवाज मात्र मी प्रत्यक्ष ऐकला, त्याबद्दल विचारा. आधी बराच वेळ गलका. मग एकदम शांत, चेंडू घेऊन कुणीतरी किकसाठी उभं राहिलं की होतं तसं, आणि नंतर शिट्ट्या-हुर्यो. मग एक आवाज आला. घरच्या संघाचा गोल झाला की इमारत हादरते. हा तसा नव्हता. हजारो माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा खाली बसणारा "ओऽऽह", आणि त्याच्या वर कुठल्यातरी कोपऱ्यातून पातळ, चिरका आनंद.

मुलगा पायरीवर थांबला. "आपला आहे."

"नाही रे, त्यांचाच."

"बाबा, तो आपला आवाज आहे."

खाली मीट-पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, विकणाऱ्या स्टॉलवर एक टीव्ही होता. त्यावर रिप्ले पाहिला. बरगड्यांची वाट लागलेल्या आमच्या मॅकगव्हर्नने मार्क घेतला (लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला), तिथून व्हार्डी, तिथून लिआम रायन, तिथून शीड, बाउंड्रीला चिकटून, खांब जवळजवळ एका रेषेत दिसावेत अशा कोनातून. स्टॉलवाल्या पोरीचं डोकं मध्ये येत होतं. वर जायला धावलो तोवर सायरन झाला. 79–74.

दोन्ही संघांचे गोल अकरा-अकरा. आमचे बिहाइंड तेरा, त्यांचे आठ. म्हणजे आम्ही जिंकलो ते पाच जास्तीच्या हुकलेल्या नेमांवर. हे मी लोकांना मोठ्या खुशीत सांगतो, कारण ते सांगायला तिथे असावं लागत नाही. शीडला चेंडू मिळाला तेव्हा आमच्या विली रिओलीने त्यांच्या मेनार्डला अडवलं, ती फ्री किक होती की नाही, यावरही मी तासभर भांडू शकतो. (होती. पण हे कॉलिंगवूडवाल्यासमोर मी कधी कबूल केलेलं नाही.)

परतीच्या विमानात कुणीतरी विचारलं, "गोल बघितलात?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "हो, अगदी समोरून." का म्हणाला ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्या वर्षीच्या आमच्या इथल्या दिवाळी अंकात मग मी दोन पानं लिहिली. "चेंडू हवेत वळला आणि क्षणभर लाख माणसांचा श्वास थांबला" वगैरे. परवा ते काढून वाचलं. वाईट लिहिलेलं नाही, हीच पंचाईत आहे. ते लिहिणाऱ्या माणसाला विचारावंसं वाटतं, अरे, निदान मुलाचं नाव तरी त्यात घालायचं नव्हतंस. त्याचं उत्तर तयार असतं: सुरुवात मुलानेच केली, मी फक्त पुढे नेलं. आणि आम्ही स्टेडियमच्या बाहेर तर पडलो नव्हतो. कायद्याने मी तिथेच होतो.

बाबा असते तर म्हणाले असते, ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली ना? मिळाली नाही. रिचमंडपर्यंत उड्या मारत, लोकांना मिठ्या मारत गेलो आणि पार शेवटच्या गर्दीत सापडलो.

हे सगळं लिहून झाल्यावर मुलाला वाचायला दिलं. आता तो माझ्याहून उंच आहे. फोनवर अंगठ्याने सरकवत त्याने वाचलं, दंडाच्या भागाशी जरा थांबला, पुढे गेला. म्हणाला, "लिही की. पण आपण जिन्यावर नव्हतो. एस्केलेटरवर होतो."

जिनाच होता. मला पक्कं आठवतंय. त्याच्या हातातल्या उरलेल्या चिप्स तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सांडल्या होत्या, आणि त्या उचलू नकोस म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो.