परत फिरणारे प्रोटॉन

लातूरला एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. औसा, निलंग्याकडचे पेशंट मशीनच्या ठकठकीनं घाबरतात. मला आतल्या प्रकाराची अजूनही भुरळ पडते.

१.५ टेस्लाच्या चुंबकात पाण्यातले प्रोटॉन (हायड्रोजनच्या अणूची केंद्रकं) सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा भोवऱ्यासारखे घुमतात. त्यांना ९० अंशांनी वळवणाऱ्या रेडिओलहरींच्या पल्सनंतर सगळे एका तालात असतात. पण चुंबकक्षेत्र जागोजागी किंचित वेगळं. काही पुढे जातात, काही मागे पडतात, सिग्नल विरतो. मग १८० अंशांची पल्स. पुढचे मागे, मागचे पुढे! विखुरायला लागला तेवढ्याच वेळात ताल पुन्हा जुळतो आणि विझलेला सिग्नल उसळून वर येतो. हा एर्विन हान यांचा १९५० चा स्पिन एको, म्हणजे प्रोटॉनांचा प्रतिध्वनी.

असंच सगळ्या रेणूंचे वेग उलटे केले, तर विस्कटलेलं सगळं पुन्हा जुळेल? हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ लोश्मिटनं १८७६ मध्येच, विस्कटणं परत फिरत नाही असं मांडणाऱ्या बोल्ट्झमनपुढे टाकला होता. क्वांटम जगात उलटवताना बारीकशी तफावत राहतेच. २००१ मध्ये जालाबेर्त आणि पास्ताव्स्की या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की केऑटिक प्रणालीत, म्हणजे जिथे बारीक फरकही झपाट्यानं वाढतो तिथे, तफावत एका मर्यादेपुढे गेली की प्रतिध्वनी विरण्याचा वेग तिच्यावर अवलंबूनच राहत नाही. तो प्रणालीचा अंगचा केऑस ठरवतो. मला तर हे फारच थोर वाटतं.

आमच्याकडे तालात न परतणारा प्रोटॉनही कामाचा. मधल्या वेळात जागेवरून हललेल्या पाण्याच्या रेणूचा हिशेब जुळत नाही, त्याचा सिग्नल कमी होतो. पक्षाघातात पेशी सुजून पाण्याची हालचाल मंदावते, म्हणून तो भाग डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या चित्रात पांढरा उठतो. असा पेशंट आला की आधी तेच चित्र काढतो.