व्हरमाँटच्या मॅथ्यू लायनचं मत

इथल्या निवडणुका आल्या की घरून फोनवर हमखास प्रश्न येतो, "अमेरिकेत एवढी दुफळी आधी होती का हो?" होती. फिलाडेल्फियाला आलेल्या पाहुण्यांना मी लिबर्टी बेलनंतर आवर्जून काँग्रेस हॉलमध्ये नेतो. १७९० ते १८०० या काळात देशाची संसद इथे भरायची.

तळमजल्यावरच्या सभागृहात फेब्रुवारी १७९८ मध्ये दोन खासदारांची अक्षरशः मारामारी झाली. व्हरमाँट राज्याचा मॅथ्यू लायन थॉमस जेफरसनच्या विरोधी पक्षाचा, तर कनेक्टिकटचा रॉजर ग्रिस्वोल्ड अध्यक्ष ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाचा. ग्रिस्वोल्डने लष्करी कारकिर्दीवरून टोमणा मारला म्हणून लायन त्याच्या तोंडावर थुंकला होता. लायनच्या हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत, तेव्हा ग्रिस्वोल्ड काठी घेऊन त्याच्यावर धावला. लायनने शेकोटीचा चिमटा उचलला.

फ्रान्सशी युद्धाचं सावट होतं. त्याच वर्षी फेडरलिस्टांनी सरकारवरची खोटी, बदनामीकारक टीका गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्यात अध्यक्षांना आणि संसदेला संरक्षण होतं, उपाध्यक्षांना नव्हतं. कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे जेफरसन! नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट ५ वर्षांवरून १४ वर्षांवर नेली, कारण नवे स्थलांतरित जेफरसनकडे झुकत. (१८०२ मध्ये ती पुन्हा ५ वर्षं झाली.) इथे ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेली आपली माणसं रोज भेटतात, त्यामुळे हे कलम वाचताना मला आजही संताप येतो.

लायन स्वतः आयर्लंडहून पोरवयात आलेला, करारावर राबून मोठा झालेला. ॲडम्स यांच्या थाटामाटावर टीका केली म्हणून त्याला टीकेविरुद्धच्या त्याच कायद्याखाली चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती त्या मतदारांची हिंमत.

१८०० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ निर्वाचकांची (इलेक्टोरल) मतं पडली; तेव्हा अध्यक्ष आणि उपाध्यक्षपदासाठी मतं वेगळी दिली जात नसत. बरोबरी झाल्याने निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. पस्तीस फेऱ्या निकालाविना गेल्या. व्हरमाँटचे दोन खासदार दोन बाजूंना, त्यामुळे त्या राज्याचं मत कुणालाच जात नव्हतं. १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, छत्तिसाव्या फेरीत फेडरलिस्ट खासदार बाजूला राहिला आणि व्हरमाँटचं मत एकट्या लायनने जेफरसनना दिलं.

त्याचा दंड संसदेने १८४० मध्ये व्याजासह वारसांना परत केला. लायन १८२२ मध्येच वारला होता.