सुट्टीतली मुंबई

मस्कतला राहायला लागल्यापासून सुट्टी म्हणजे मत्राच्या किनाऱ्यावर भटकंती, हे ठरलेलंच. या वेळी घरी आल्यावर तशीच पायी मुंबई बघायची ठरवली.

आज पहाटे आत्याला घेऊन ससून डॉक गाठला. अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून १८७५ मध्ये ही गोदी बांधली, ती कापसाच्या व्यापारासाठी. कोळ्यांची ती नंतर झाली, आणि आता त्यांच्याशिवाय तिची कल्पनाही करवत नाही.

बोटींमधून मासळीच्या पाट्या हातोहात वर येत होत्या, बाजूला लिलावाचा गलका. मी मात्र कोळंबी सोलणाऱ्या बायकांपाशीच थांबले. अंगठ्याने डोकं मोडायचं, एका ओढीत साल काढायचं, कोळंबी पातेल्यात टाकायची, तोवर दुसरी हातात. बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरी पडलेली. किती कष्ट आहेत हे! आपण बाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा ही बोटं आठवायला हवीत.

आत्याने पापलेटचे कल्ले उघडून बघितले.
"मावशी, नीट भाव सांगा हं."
"अगं बाय, लालभडक हाय, अजून काय बघतेस!"

आत्या हसली आणि घेतलंच.

मग बाणगंगा. समुद्र इतका जवळ असूनही तळ्याला झरा गोड्या पाण्याचा! घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसलो.

उद्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने अलिबागजवळचं मांडवा. कोणी येणार असाल तर रात्रीपर्यंत कळवा.