पान कितवं?

जुन्या वळणाच्या इंग्लिश चर्चमध्ये नवख्या माणसाला घाम फुटतो तो पानं शोधताना. हातात १६६२चं अँग्लिकन प्रार्थनापुस्तक. सुरुवात ठीक होते: पापांची कबुली, प्रभूची प्रार्थना, सगळं ओळीनं. मग बायबलमधली स्तोत्रं येतात, ती पार मागच्या बाजूला. त्यातही महिन्याच्या तारखांनुसार वाटलेली, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. त्या आठवड्याची खास प्रार्थना मधेच कुठेतरी, आणि गीतांचं तर पुस्तकच निराळं. एक बोट इथे, एक तिथे, दुसरं पुस्तक काखेत.

गंमत म्हणजे हा घोळ मिटवायलाच तर हे पुस्तक निघालं होतं. आर्चबिशप क्रॅनमर यांच्या १५४९च्या पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच तक्रार आहे, की जुन्या उपासनेत वाचण्यापेक्षा काय वाचायचं ते हुडकण्याचीच खटपट जास्त!

यावर तोडगे बरेच निघालेत. काही पाद्रीबुवा दर दोन मिनिटांनी पान पुकारतात. मला ते मुळीच रुचत नाही. गुडघे टेकून जरा कुठे मन लागतंय, तोच रेल्वे स्टेशनासारखी घोषणा! काही ठिकाणी सगळी उपासना एका पत्रकावर छापून देतात. सोय झकास, पण शेवटच्या ओळीला सगळे एकदमच पान उलटतात आणि ती सळसळ नेमकी प्रार्थनेवर येते. त्यापेक्षा भिंतीवरची लाकडी पाटी बरी. खाचांत गीतांचे आकडे सरकवलेले, अवाक्षर न बोलता काम होतं.

बसायचं-उठायचं कधी, ते पुस्तकात तिरप्या अक्षरांत दिलेलं असतं. पण ‘माझा विश्वास आहे’ हा श्रद्धेचा कबुलीपाठ सुरू झाला की काही चर्चमध्ये सगळे गर्रकन पूर्वेकडे वळतात, ते त्यात कुठेच नाही. तिथे पुढच्या बाकावरच्या आजी उपयोगी पडतात. त्या वळल्या की वळायचं, बसल्या की बसायचं. आरती पाठ नसलेला माणूस जसा ‘जय देव, जय देव’ला आवाज चढवतो, तसं आपण ‘आमेन’ ठणकावून म्हणायचं. कुणी शेजारी स्वतःचं उघडं पुस्तक आपल्या हाती देऊन आपलं बंद पुस्तक घेतो. त्याला कितवं पान ते तोंडपाठ असतं.

पहिल्यांदाच जाणार असाल तर पंधरा तारखेची संध्याकाळ गाठा. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र असतं, सत्तरांवर वचनांचं. पान सापडेपर्यंत ते काही संपत नाही.